देवांच्या गाठोड्यातली पुंगळी

एप्रिलमधला दुसरा गुरुवार, दुपारची वेळ, शारजाचा विमानतळ. मुंबईची दोन तिकिटं, अठराशे दिरहम, म्हणजे त्या वेळच्या दहाच्या दराने अठरा हजार रुपये, आणि ते परत न मिळणारे. हजर: आई, मी, तपासणीच्या पट्ट्यापाशी बसलेला एक तरुण पोलीस, आणि काचेच्या दाराबाहेर, आम्ही आत गेल्यावरही जागचे न हललेले भाऊ. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. आमच्या वरणगावात निम्म्या घरांत वडिलांना भाऊच म्हणतात. हे सगळं सुरुवातीलाच मांडून ठेवते, कारण मी हिशेबाची माणूस आहे आणि पुढे जे सांगायचं आहे त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

धाकट्या आत्याचं लग्न होतं, रविवारी, वरणगावला. भाऊ घरातले थोरले, म्हणून घरचे देव आमच्याकडे, शारजातल्या आमच्या दोन खोल्यांत. लग्नात देवप्रतिष्ठेला ते लागणारच. आजोबा फोनवर दर वेळी एकच विचारायचे, देव कधी निघतायत. आम्ही कधी निघतोय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, यावरून आई भाऊंना चिडवायची. भाऊंच्या क्लबात स्पर्धा होती, त्यांना रजा नव्हती. माझी दहावीची परीक्षा संपलेली, म्हणून आईबरोबर मी. आईला बाजारापुरतं हिंदी यायचं, इंग्रजी अजिबात नाही. परदेशात ती जिथे जाईल तिथे तिचं इंग्रजी म्हणून मी सोबत असायचे.

भाऊंचं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते आधी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते, तिथून आखातात आले आणि शारजाच्या बाहेर, वाळवंटातल्या एका नेमबाजी क्लबात लागले. नेम धरून गोळी झाडली की शिसं पुढे जातं आणि पितळेची रिकामी नळी मागे उरते. तिला पुंगळी म्हणतात. चांगली पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. तिच्या बुडाशी एक लहानसा गोल खड्डा असतो, त्याला भाऊ खोबण म्हणायचे. त्या खोबणीत टोपी बसते, बंदुकीचा घाव टोपीवर पडतो, टोपीची ठिणगी मधल्या बारीक छिद्रातून आतल्या दारूला लागते. एकदा झाडल्यावर जुनी टोपी ठोकून काढायची आणि खोबणीत जमलेली काजळी खरवडायची. क्लबात बाकीचे कामगार ही खरवड करत नसत. मॅनेजर, एक उंच, हळू बोलणारे सुदानी गृहस्थ, भाऊंना म्हणायचे की एवढं कुणी करत नाही, निशाणाला काही फरक कळत नाही. भाऊ ऐकून घ्यायचे आणि करायचे ते करायचेच. एका झिजलेल्या स्क्रूड्रायव्हरला घासून त्यांनी चपटं पातं केलं होतं. ते खोबणीत टेकवायचं, मनगटाने एक फेरा द्यायचा, उलटी करून टिचकी मारायची, बारीक ब्रश फिरवायचा, मग उजेडाकडे धरून पाहायचं. तळाशी काजळी राहिली तर नवी टोपी केसभर वर राहते, आणि वर राहिलेल्या टोपीवर विश्वास ठेवता येत नाही. “टोपी बसली पाहिजे, नुसती टेकली नाही पाहिजे,” असं ते म्हणायचे. क्लबाच्या हिशेबखात्यातले कासिमभाई, श्रीवर्धनचे, अस्सल मराठी बोलणारे, भाऊंच्या टेबलाजवळून जाताना हटकून विचारायचे, “काय चौधरीसाब, आज किती गोळ्यांचे दात घासले?”

घरी यायचे तेव्हा भाऊंच्या नखांत ती काजळी असायची. आई त्यांना मोरीच्या बाहेरच लिंबाची फोड द्यायची. आमची इमारत जुनी होती, खिडकीतला एसी चालू असताना मोठ्याने बोलावं लागायचं, आणि बंद केला की खालच्या बेकरीतल्या रोटीचा वास आणि मशिदीतली अजान दोन्ही एकदम खोलीत यायचं. शुक्रवारी भरीत. आई गॅसवर हिरवी लांब वांगी भाजायची, धूर जिन्यात जायचा आणि वॉचमन एकदा तरी वर येऊन, “सिस्टर, सब ठीक?” म्हणून विचारून जायचा. वांगी लाकडी बडगीतच ठेचली गेली पाहिजेत म्हणून ती जड बडगी वरणगावहून सामानात आणलेली. सामानाचा विषय निघाला की भाऊंच्या तोंडी बडगीच्या वजनाचा आकडा हमखास यायचा. माझे आताचे दोन्ही मिक्सर एकत्र केले तरी तेवढं वजन भरणार नाही.

देव्हारा म्हणजे स्वयंपाकघरातली भिंतीवरची फळी. आई उदबत्ती केळ्यात खोचायची, आमच्याकडे सगळेच खोचतात. पण तिथल्या उकाड्यात केळं एका दिवसात काळं पडायचं आणि मुंग्या थेट अन्नपूर्णेपर्यंत जायच्या. एक दिवस भाऊंनी खिशातून एक पुंगळी काढून तिच्यासमोर ठेवली. ती बाद झालेली होती. पुष्कळदा झाडून खोबण सैल झाली की नवी टोपी तिच्यात घट्ट धरत नाही, अशी पुंगळी भाऊ बाजूला टाकायचे. नियम असा की बाद माल हातोडीने चेपायचा आणि महिन्याच्या शेवटी वजनावर भंगारात द्यायचा. ही एक त्यांनी मॅनेजरना विचारून घेतली होती. मॅनेजर फोनवर होते, त्यांनी हाताने “घेऊन जा” अशी खूण केली. तांदळाच्या वाटीत पुंगळी तोंडाकडून रोवली की बूड वर येतं, आणि खोबणीच्या मधल्या छिद्रात उदबत्तीची काडी जशी काही त्यासाठीच केली असावी तशी उभी राहते. आईने त्या दिवसापासून तिला उदबत्तीचं घर म्हणायला सुरुवात केली. दर गुरुवारी देवांबरोबर तीही चिंच-मीठ लावून घासली जायची. ती बंदुकीची आहे हे तीन-चार वर्षांत आमच्या घरात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. भाऊंच्याही नाही, आणि त्यांचं तर सगळं आयुष्य त्यात गेलेलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊंनी सामान भरलं. हे काम ते कुणाला करू देत नसत. प्रत्येक बॅग स्प्रिंगच्या काट्याला लटकवायची, आत हात घालून प्रत्येक वस्तू पाहायची. आत्यासाठीच्या परफ्यूमच्या बाटल्या, टॅंगचे डबे, आजोबांचं ब्लॅंकेट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. फक्त देवांचं गाठोडं गेलं नाही. आईने गुरुवारी सकाळी अंघोळ करून देव घासले, लाल कापडात बांधले, आणि भाऊंनी काटा पुढे केला तेव्हा ती म्हणाली, “देवांना काट्याला लटकवायचं नसतं. एवढं तरी सोडा.” भाऊंनी सोडलं. देव जिथे जातात तिथे त्यांची घंटा, पळी, उदबत्तीचं घर बरोबर जातं, यात तिला विचार करण्यासारखं काही वाटलंच नसणार. मलाही वाटलं नाही. गाठ मारताना कापडावर बोट मीच धरलं होतं.

पट्टा थांबला. तरुण पोलिसाने पडद्याकडे पाहिलं, पट्टा मागे घेतला, पुन्हा पाहिलं. मग त्याने आईची पिशवी उचलून बाजूच्या टेबलावर ठेवली आणि फार सभ्यपणे म्हणाला, “मदाम, खोलो.” आईने गाठ सोडली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, घंटा, आणि त्यांच्यामध्ये तितकीच झळझळीत पुंगळी. त्याने देवांना हात लावला नाही. दोन बोटांनी पुंगळी तेवढी उचलली आणि मला इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. मी आईला विचारलं. आई म्हणाली, उदबत्तीचं घर आहे म्हणून सांग. मी सांगितलं. त्याने मान हलवली, जणू त्याला पटलं, आणि वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं.

पुढच्या खोलीत आम्हाला चहा मिळाला, हे मुद्दाम लिहिते. आजतागायत ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांना वाटतं की आम्हाला कुणी तरी दरडावलं असेल. कुणीही आवाज चढवला नाही. एक अधिकारी आला, त्याने कागद पुढे ओढला आणि विचारलं, ही वस्तू मिळाली कुठून. माझ्या तोंडून उत्तर जाण्याआधी आईने माझं मनगट धरलं. इंग्रजी येत नसूनही तिला प्रश्न कळला होता. क्लबातली प्रत्येक चांगली पुंगळी मोजलेली असते, एकही बाहेर जाता कामा नये, हे भाऊ जेवताना किती वेळा बोलले होते. ही बाद होती, मोजलेली नव्हती, पण तो फरक या टेबलावर कुणाला सांगायचा? ती हळू आवाजात म्हणाली, “वैशू, सांग, पिकनिकला गेलो होतो, वाळूत सापडलं.” मी सांगितलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. असं असेल तर मोठं काही नाही, म्हणाला, शस्त्र विभागाचा माणूस एकदा पाहील, जुनी पडलेली पुंगळी आहे एवढं तो म्हणाला की सही करून जा. फक्त उद्या शुक्रवार, तो माणूस शनिवारी येईल. तोवर मदाम इथे राहतील. देव आणि पासपोर्टही इथेच. मुलीने वडिलांबरोबर जावं.

विमान गेलं ते मी भाऊंच्या बाजूला उभी राहून काचेतून पाहिलं. कासिमभाई क्लबाच्या गाडीतून धावत आले, सगळं ऐकलं, आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चौधरीसाब, वहिनींनी अक्कल लावली. वाळूत सापडलं म्हणजे वाळूत सापडलं, खलास. तुम्ही फक्त तोंड उघडू नका. इन्शाल्ला शनिवारी वहिनी घरी.”

शुक्रवार मला सगळ्यात जास्त आठवतो, आणि त्या दिवशी काहीच घडलं नाही. मी खिचडी टाकली, ती खाली लागली. वरणगावला फोन करायचा होता, पण काय सांगायचं ते ठरेना, म्हणून भाऊंनी रिसीव्हर उचलून परत ठेवला. अंघोळ करून ते सवयीने फळीसमोर उभे राहिले. फळी रिकामी होती, देवांच्या जागी तेलाचे गोल डाग तेवढे. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि मग ती ठेवायची कुठे ते त्यांना सुचेना. केळं आणते म्हणून मी वळले तर घरात केळं नव्हतं. ते ती उदबत्ती हातात धरून बसून राहिले, संपेपर्यंत, राख दुसऱ्या तळव्यात झेलत. मी दारात उभी होते. सोळा वर्षांची मुलगी अशा वेळी वडिलांना काय म्हणते?

शनिवारी सकाळी शस्त्र विभागाचा माणूस आला. वयस्कर, दाढी पांढरी, खिशातून चष्मा काढून लावणारा. हिंदी आमच्यापेक्षा चांगलं बोलत होता. आईला आणून बसवलं, तिचं कुंकू पुसट झालं होतं आणि साडी दोन दिवस तीच. भाऊ माझ्या मागे उभे, कासिमभाई दाराशी. त्या माणसाने पुंगळी हातात घेतली, तोंडाकडून आत पाहिलं, मग उलटी केली आणि बुडाकडे पाहत बराच वेळ थांबला. खिशातल्या पेनाचं टोक त्याने खोबणीत फिरवलं आणि टोक कोऱ्या कागदावर टेकवलं. कागद पांढराच राहिला. त्याने पुंगळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. अगदी तशीच, जशी भाऊ धरायचे.

“मदाम,” तो आईला म्हणाला, “रेत में जो मिलता है, उस में पुरानी टोपी रहती है. यह तो किसी ने निकाली है. फिर अंदर से साफ की है.” पुंगळी थोडी फिरवून त्याने आतल्या गोल बारीक रेघा अधिकाऱ्याला दाखवल्या. “हाथ का काम है. बहुत अच्छा काम. इतना कोई करता नहीं.”

आईने डोळे मिटून घेतले. चिंच-मिठाने बाहेरची चकाकी आली होती, ती आईची. आतल्या रेघा भाऊंच्या पात्याच्या. बाद ठरवण्याआधीही त्यांनी तिची खोबण खरवडली होती, कारण खोबण स्वच्छ केल्याशिवाय ती सैल आहे की नाही हे कळत नाही. दुसऱ्या कुणी बाद केली असती तर आत काजळी राहिली असती, आणि काजळी असती तर सैल खोबणीतून टोपी आपोआप पडली असेल असं समजून वाळूची गोष्ट कदाचित टिकलीही असती. मी मागे वळून पाहिलं. कासिमभाई दाराशी डोळ्यांनी खुणावत होते, नाही, नाही. भाऊंचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं.

“मैंने की है,” भाऊ म्हणाले. “मेरी बीवी को मालूम नहीं था.”

वयस्कर माणसाने चष्मा काढला. मला वाटतं त्याला वाईट वाटलं. तो अधिकाऱ्याशी अरबीत बराच वेळ बोलला, आणि त्या बोलण्यात हात आमच्याच बाजूने हलत होता, पण अधिकाऱ्याने वाळूचा कागद बाजूला करून दुसरा घेतला. आता नाइलाज होता. वाळूत सापडलेली वस्तू एक गोष्ट, परवान्याच्या जागेतून बाहेर आलेली दुसरी. दुपारी आई सुटली, तिच्या आणि माझ्या पासपोर्टांसकट. भाऊंचा पासपोर्ट मात्र त्यांनी ठेवून घेतला. मॅनेजर स्वतः आले होते. त्यांनी कबूल केलं की आपण हाताने खूण केली होती, तसं लिहूनही दिलं. मग भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले की खूण करायचा अधिकार मात्र मला नव्हता, चौधरी, तो कुणालाच नाही. क्लबाचा परवाना राहायचा तर ती पुंगळी कुणाच्या तरी नावावर जायला हवी होती. ती भाऊंच्या नावावर गेली, आणि त्यांची नोकरी संपली.

टॅक्सीत आईने गाठोडं मांडीवर धरलं होतं. शारजातल्या रोला चौकाच्या सिग्नलला ती म्हणाली, “तुम्ही गप्प बसला असतात तर?”

भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. “त्याने उजेडाकडे धरून पाहिलं गं,” ते म्हणाले. “त्याच्यापुढे काय गप्प बसायचं.”

आत्याचं लग्न दुसऱ्या दिवशी झालं. देवांच्या जागी तांदळावर सुपाऱ्या मांडल्या, ब्राह्मणाने चालतं म्हणून सांगितलं, आणि आजोबा आईशी पुढे वर्षभर बोलले नाहीत. आम्ही जूनमध्ये कायमचे परत गेलो. भाऊ आता ऐंशीच्या घरात आहेत. भुसावळला भांड्यांच्या दुकानात गेले की समई, तांब्या, जे असेल ते उलटं करून बूड आधी बघतात. आईने परत कधी उदबत्तीचं घर घेतलं नाही. केळंच. मी लग्नानंतर पुन्हा शारजातच आले. अल मजाजला राहते, दुबईतल्या अल क्वोजमधल्या एका गोदामाचे हिशेब बघते, आणि विमानाला निघण्याआधी सगळ्या बॅगा पलंगावर उपड्या करते. माझा मुलगा दारात उभा राहून म्हणतो, “आई, यू ऑलरेडी चेक्ड दॅट.” मी त्याला कारण सांगितलेलं नाही. देवांची पिशवी तर मी दोनदा उपडी करते, आणि दर वेळी आईचा तो हात मनगटावर जाणवतो.

शेवटच्या दिवशी भाऊंबरोबर क्लबात मी गेले होते. कासिमभाईंनी सगळे कागद तयार ठेवले होते. पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, परतीची तिकिटं, काहीच अडवलं नव्हतं. एवढंच, की पोलिसांची फाइल बंद करायला क्लबाने वस्तूची किंमत वसूल केल्याची पावती हवी होती. पावतीचं पुस्तक समोर होतं. त्यात बाद मालासाठी रकानाच नव्हता, कारण बाद माल नगावर जात नाही, वजनावर जातो. नगावर जाते ती फक्त चांगली पुंगळी.

भाऊंनी चष्मा लावून वाचलं. इतक्या आठवड्यांत त्यांनी हरकत घेतलेली ती एकच. “कासिमभाई, ही बाद होती. खोबण सैल होती तिची. चांगली म्हणून मी कशी सही करू?”

“मला माहीत आहे, चौधरीसाब,” कासिमभाई म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. “पण बाद लिहिली तर फाइल बंद होत नाही. पासपोर्ट मिळत नाही.”

भाऊंनी पेन उचललं. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षांत एकही सैल खोबण पास केली नव्हती, त्याने त्या दिवशी पास केली. पितळी पुंगळी, नग एक, स्थिती चांगली. दर एक दिरहम. भाऊंनी पाकिटातून नाणं काढून टेबलावर ठेवलं, क्लबाच्या हिशेबखात्यात, कासिमभाईंकडे, आणि पावती घेतली.